पिकल्या केसांची प्रार्थना
(स्तोत्र ७१ चा अभ्यास)



स्तोत्रसंहिता म्हणजे दीडशे कवितांचा संग्रह आहे, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. मिस्सामध्ये पहिल्या वाचनानंतर आपण प्रतिसाद स्तोत्र म्हणतो, तीन-चार वेळा ध्रुवपद घोळवतो आणि पुढच्या वाचनाकडे वळतो. या कवितांमध्ये आनंद आहे, राग आहे, पश्चात्ताप आहे, देवाविरुद्धची तक्रारसुद्धा आहे. त्यांतील एक कविता अशी आहे की जी एका म्हाताऱ्या माणसाने, अंगातली ताकद उतरू लागल्यावर, देवासमोर बसून म्हटली आहे. ते स्तोत्र ७१. आजच्या पाठासाठी आम्ही हे स्तोत्र निवडले आहे. पुढे वाचण्याआधी बायबल उघडून ते एकदा पूर्ण वाचावे, शक्य तर मोठ्याने. एकंदर चोवीस वचने आहेत; पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.

हे स्तोत्र निवडण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. आई पूर्वीसारखी भराभर पायऱ्या चढत नाही. बाबा एकच प्रश्न दिवसातून तीनदा विचारतात. काठी, गोळ्यांचा डबा, रक्तदाब मोजायचे यंत्र अशा वस्तू एकेक करून घरात येतात. मग एखाद्या रात्री अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होते. आई-वडील आपल्याला सोडून जाणार, ही भीती बहुतेक मुलामुलींच्या मनात असते, पण ती कोणी बोलून दाखवत नाही. नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्यांना तर ती अधिकच छळते.

स्तोत्र ७१ या भीतीकडे दुसऱ्या बाजूने पाहायला लावते. इथे बोलणारा मुलगा नाही. ज्याचे केस पिकले आहेत तो स्वतःच बोलत आहे. आपल्याला त्यांना गमावण्याची भीती वाटते, परंतु त्यांना कशाची भीती वाटते? हाच आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. स्तोत्राची ओळख

पुष्कळ स्तोत्रांच्या मथळ्यावर दावीदाचे, आसाफाचे किंवा कोरहाच्या मुलांचे नाव असते. हिब्रू बायबलमध्ये स्तोत्र ७१ ला असा मथळाच नाही. पुढे जुन्या ग्रीक भाषांतरात त्यावर दावीदाचे नाव घालण्यात आले आणि बंदिवासात गेलेल्या पहिल्या लोकांचाही उल्लेख करण्यात आला. मूळ कविता मात्र निनावी आहे. ग्रीक आणि लॅटिन बायबलमध्ये तिचा क्रमांक ७० आहे, हे जुनी प्रार्थनापुस्तके वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कवीचे नाव नसल्यामुळे एक गोष्ट सोपी झाली आहे. या जागी आपण आपल्या आईचे किंवा वडिलांचे नाव घालून स्तोत्र वाचू शकतो.

स्तोत्राची मांडणी साधी आहे. पहिल्या चार वचनांत कवी देवाकडे आश्रय मागतो. पाचव्यापासून आठव्या वचनापर्यंत तो मागे वळून पाहतो आणि आईच्या उदरापासून देवाने आपल्याला कसे सांभाळले ते आठवतो. नवव्या वचनात म्हातारपणाची भीती उघडपणे बाहेर येते आणि तेराव्यापर्यंत ती चालू राहते. चौदाव्या वचनापासून सूर बदलतो. आशा परत येते. सतराव्या आणि अठराव्या वचनांत तारुण्य आणि पिकलेले केस एकमेकांशेजारी उभे राहतात. शेवटी वीणा आणि सतार यांसारखी वाद्ये घेऊन देवाचे गीत गाण्याचा संकल्प आहे.

हे स्तोत्र आपल्या उपासनेत येते. ‘क’ वर्षाच्या सामान्य काळातील चौथ्या रविवारी ते प्रतिसाद स्तोत्र म्हणून म्हटले जाते. तसेच १९ डिसेंबरला, म्हणजे नाताळ जवळ आला असताना, वयोवृद्ध जखऱ्या आणि एलिझाबेथ यांना मूल होणार असल्याचे शुभवर्तमान वाचले जाते, त्या दिवशीही हेच स्तोत्र असते. परंतु या दोन्ही दिवशी निवडक वचनेच घेतली जातात. त्यांत नववे आणि अठरावे वचन येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे मिस्साला येणाऱ्या भाविकालाही या कवितेत एक वृद्ध माणूस बोलत आहे याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच ती घरी पूर्ण वाचायला हवी.

२. लहानपणी पाठ केलेले शब्द

बायबलचे अभ्यासक या स्तोत्राविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतात. कवीने त्यात नवे शब्द थोडेच वापरले आहेत. पहिली तीन वचने स्तोत्र ३१ च्या आरंभाशी जवळजवळ जुळतात. आईच्या उदराचा उल्लेख स्तोत्र २२ ची आठवण करून देतो. देवाने दूर राहू नये, लवकर धावून यावे ही विनवणी स्तोत्र २२ आणि ३८ मध्ये आहे. शत्रूंची फजिती व्हावी ही मागणी स्तोत्र ३५ मध्ये आहे.

एखाद्याला ही उसनवारी वाटेल. पण आपल्या घरातली म्हातारी माणसे कशी प्रार्थना करतात ते आठवून पाहा. सकाळी काय खाल्ले ते ज्या आजीला आठवत नाही, समोर बसलेल्या नातवाचे नाव जिला सापडत नाही, तिच्या कानावर रोझरी पडली की ओठ हलू लागतात. ‘नमो मारिया’ ती अडखळल्याशिवाय पूर्ण म्हणते. लहानपणी तोंडात बसलेले शब्द पुष्कळदा सगळ्यांत शेवटी सोडून जातात. स्तोत्र ७१ चा कवी असाच प्रार्थना करतो. नवे काही रचण्याची ताकद आता त्याच्यात उरलेली नसेल, पण आयुष्यभर म्हटलेली स्तोत्रे त्याच्याजवळ आहेत. तो त्यांचेच तुकडे जोडून देवाशी बोलतो.

इथे आपल्या श्रद्धेला फार जवळची अशी एक गोष्ट आहे. ज्या स्तोत्रांमधून हा म्हातारा कवी शब्द घेतो, त्यांतलीच दोन, स्तोत्र २२ आणि स्तोत्र ३१, प्रभू येशूने क्रुसावर असताना उच्चारली. पहिल्याचा उल्लेख मत्तय २७:४६ मध्ये आणि दुसऱ्याचा लूक २३:४६ मध्ये सापडतो. प्रभूनेसुद्धा प्राण सोडताना लहानपणापासूनच्या प्रार्थनाच ओठांवर घेतल्या. म्हणून घरातील वृद्धांबरोबर प्रार्थना करताना नवनवीन पुस्तके शोधण्याची गरज नाही. त्यांना जे पाठ आहे तेच त्यांच्याबरोबर, त्यांच्या गतीने म्हणावे.

३. कवीची भीती

आता स्तोत्राच्या गाभ्याकडे वळू. नवव्या वचनात कवी देवाजवळ दोन गोष्टी न करण्याची विनंती करतो, आणि त्यासाठी हिब्रू भाषेतील दोन क्रियापदे वापरतो.

पहिले क्रियापद आहे ‘शालाख’, म्हणजे फेकणे, टाकून देणे. हेच क्रियापद उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाच्या भावांनी त्याला खड्ड्यात टाकले तिथे आले आहे (उत्पत्ती ३७:२४). रानात पाणी संपल्यावर हागारने आपले मूल झुडपाखाली टाकले तिथेही तेच आहे (उत्पत्ती २१:१५). निरुपयोगी झालेली वस्तू आपण जशी बाजूला टाकतो, तसा या शब्दाचा अर्थ आहे.

दुसरे क्रियापद आहे ‘आझाव’, म्हणजे सोडून जाणे. या स्तोत्रात ते तीनदा येते: नवव्या वचनात, अकराव्या वचनात आणि अठराव्या वचनात. अकराव्या वचनात ते शत्रूंच्या तोंडी आहे. देवाने याला सोडून दिले आहे, आता याला वाचवणारा कोणी नाही, असे ते म्हणतात. क्रुसावर प्रभूने ज्या स्तोत्राने हाक मारली, त्या स्तोत्र २२ च्या आरंभीही हेच क्रियापद आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की कवी मरणापेक्षा टाकून दिले जाण्याला अधिक घाबरतो. आपल्याला आणखी वीस वर्षे मिळावीत असे मागणे तो मागत नाही. शक्ती संपत चालली आहे हे त्याला माहीत आहे आणि त्याने ते मान्यही केले आहे. शक्ती संपल्यावर आपण कोणाला नकोसे होऊ की काय, हे त्याचे दुःख आहे.

इथे मुलांची भीती आणि आई-वडिलांची भीती वेगळ्या होतात. मुलाला वाटते, ‘बाबा जाणार.’ बाबांना वाटते, ‘जाण्याआधी मी यांना ओझे होणार.’ दोघे एकाच खोलीत बसलेले असतात, दोघेही भ्यालेले असतात, आणि दोघांपैकी कोणीच बोलत नाही.

४. अजून सांगायचे राहिले आहे

अठराव्या वचनात कवी आणखी थोडा अवधी मागतो, आणि त्याचे कारणही सांगतो. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते पुढच्या पिढीला सांगून होईपर्यंत देवाने आपल्याला सोडू नये, असे तो म्हणतो. म्हणजे त्याच्यावर एक काम सोपवलेले आहे आणि ते अजून पुरे झालेले नाही. हात थरथरतात, पाय साथ देत नाहीत, पण जीभ अजून चालते. चोविसाव्या वचनात तो जिभेचाच उल्लेख करतो; ती दिवसभर देवाच्या न्यायाविषयी बोलत राहील असे म्हणतो.

म्हाताऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखे असते याचा एक सुंदर पुरावा जुन्या करारातच आहे. बेन सिराख या ज्ञानी पुरुषाने इसवी सनापूर्वी सुमारे १८० च्या सुमारास जेरुसलेममध्ये हिब्रू भाषेत आपला ग्रंथ लिहिला. पुढे त्याचा नातू इजिप्तला गेला. त्याने आजोबांचा तो ग्रंथ ग्रीक भाषेत उतरवला आणि प्रस्तावनेत या कामासाठी घेतलेल्या कष्टांविषयी लिहिले. नातवाने आजोबांचे शब्द जपले म्हणून तो ग्रंथ जगभर पोचला. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात म्हाताऱ्या वडिलांना सांभाळावे, त्यांची बुद्धी कमी झाली तरी त्यांच्याशी धीराने वागावे, आपल्यात बळ आहे म्हणून त्यांचा अपमान करू नये, अशी शिकवण आहे (सिराख ३:१२-१३). पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण हे वाचन ऐकतो. आजोबांनी म्हातारपणाविषयी जे लिहिले ते नातवाने वाया जाऊ दिले नाही, ही गोष्ट ते वाचन ऐकताना आठवावी.

५. भीतीमुळे आपण काय करतो?

आता आपल्याकडे पाहू. आई एखाद्या संध्याकाळी म्हणते, “मी गेल्यावर ती कपाटातली साडी मला नेसवा.” आपण लगेच म्हणतो, “आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस. तुला काही होणार नाही.” बाबा म्हणतात, “जमिनीच्या कागदांबद्दल एकदा सगळ्यांनी बसून बोलू या.” आपण म्हणतो, “बाबा, आता विश्रांती घ्या, ते नंतर बघू.” प्रेमानेच म्हणतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणतो. पण प्रामाणिकपणे पाहिले तर ते बोलणे ऐकवत नाही ते आपल्याला. त्यांना गप्प करून आपण आपल्या भीतीला गप्प करत असतो.

ज्याला सांगायचे आहे त्याला आपण सांगू देत नाही. हळूहळू तो बोलणे सोडून देतो. मग घरात सेवा होते, औषध वेळेवर मिळते, जेवण गरम मिळते. पण त्या माणसाला मनातले बोलायला कोणी उरत नाही. स्तोत्राच्या भाषेत तेही एक प्रकारचे सोडून जाणेच आहे. गमावण्याच्या भीतीने आपण त्यांना गमावण्याआधीच एकटे करतो.

म्हणून या पाठातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती ही: आई-वडील जेव्हा मरणाविषयी, गेलेल्या दिवसांविषयी किंवा मागे राहणाऱ्यांविषयी बोलू लागतात, तेव्हा त्यांना थांबवू नये. बसावे आणि ऐकावे. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. लाजाराच्या कबरेजवळ प्रभू येशू स्वतः रडला (योहान ११:३५). गेथशेमनीच्या बागेत त्याला भीती वाटली, आणि ती त्याने लपवली नाही. त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपले मन किती व्याकूळ झाले आहे ते सांगितले आणि जवळ जागे राहण्याची विनंती केली (मार्क १४:३३-३४). भिणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. शिष्यांची चूक एवढीच की जागे राहायला सांगितले असता ते झोपी गेले.

६. याकोब आणि योसेफ

अशा वेळी कसे ऐकावे याचे उदाहरण उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. याकोब म्हातारपणी इजिप्तला आला आणि तिथे आपल्या मुलाजवळ सतरा वर्षे राहिला (उत्पत्ती ४७:२८). मरण जवळ आले आहे हे कळल्यावर त्याने योसेफाला बोलावून स्पष्ट सांगितले की मला इजिप्तमध्ये पुरू नका, माझ्या पूर्वजांच्या कबरेत न्या. एवढेच करून तो थांबला नाही. त्याने योसेफाकडून शपथ घेतली (उत्पत्ती ४७:२९-३१).

योसेफ त्या वेळी इजिप्तचा मोठा अधिकारी होता. कामाचा डोंगर असेल. तरीही तो आला आणि त्याने ऐकले. ‘बाबा, असे बोलू नका’ असे तो म्हणाला नाही. आपण तसेच करू असे त्याने वचन दिले. पुढे बापाच्या आजारपणाची बातमी कळताच तो आपल्या दोन्ही मुलांना घेऊन गेला, आणि आजोबांनी नातवंडांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला (उत्पत्ती ४८). आजारी माणसाच्या खोलीपासून मुलांना दूर ठेवण्याची सवय आपल्याकडे वाढत आहे. योसेफाने त्यांना मुद्दाम नेले. याकोबाच्या निधनानंतर योसेफ त्याच्या तोंडावर पडून रडला, आणि मग दिलेले वचन पाळण्यासाठी कनान देशापर्यंत गेला (उत्पत्ती ५०). ज्याने आधी ऐकले होते त्याला नंतर काय करायचे ते ठाऊक होते.

यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. आई-वडिलांना कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, शेवटचे दिवस कुठे घालवायचे आहेत, हे त्यांना बोलता येत असतानाच विचारलेले बरे. अवजड ठरणारे आणि अपेक्षित लाभाच्या मानाने अतिरेकी असलेले उपचार थांबवणे योग्य असू शकते, आणि रुग्ण सक्षम असेल तर असा निर्णय त्याचाच असावा, असे ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते (क्रमांक २२७८). नेहमीची शुश्रूषा मात्र कधीच थांबवता येत नाही (क्रमांक २२७९). हे सर्व आधी बोललेले नसेल तर अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर भावंडांत वाद होतात.

७. धर्मगुरूंना कधी बोलवावे?

भीतीने होणारा आणखी एक उशीर आपल्या सर्व धर्मग्रामांत दिसतो. आजारी माणसाच्या अभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलावण्यास घरचे लोक कचरतात. फादर आले तर पेशंट घाबरेल, आता सगळे संपले असे त्याला वाटेल, असे सांगितले जाते. शेवटी बोलावणे येते तेव्हा पुष्कळदा रुग्ण शुद्धीवर नसतो.

या संस्काराला पूर्वी अंत्याभ्यंग म्हणत, त्यामुळे ही समजूत पसरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनेविषयीच्या संविधानात (क्रमांक ७३) स्पष्ट सांगितले आहे की याला आजाऱ्यांचे अभ्यंग म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. पोप सहावे पौल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी या संस्काराचा नवा विधी मंजूर केला. गंभीर आजार झाला असता, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, तसेच वयामुळे प्रकृती खालावत चालली असता तो घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो (धर्मशिक्षा, क्रमांक १५१४-१५१५). मुळात संत याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने स्वतः ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे (याकोब ५:१४). स्वतः बोलवायचे तर तो शुद्धीवर असायला हवा!

आई-वडील जागे असताना, त्यांना पापनिवेदन करता येत असताना, ख्रिस्तशरीर स्वीकारता येत असताना, मुले-नातवंडे भोवती उभी असताना हा संस्कार झाला तर देवाने आणि घराने आपल्याला टाकून दिलेले नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. स्तोत्राच्या नवव्या वचनातील विनवणीला ख्रिस्तसभेने तेलाने दिलेले हे उत्तर आहे.

८. टाकून देणे म्हणजे काय?

प्रभू येशूने या बाबतीत फार कडक शब्द वापरले आहेत. आपले धन देवाला अर्पण केले आहे असे म्हणून आई-वडिलांना मदत नाकारणाऱ्या लोकांना त्याने ढोंगी म्हटले (मार्क ७:६-१३). म्हणजे चर्चला दिलेली देणगी घरातल्या म्हाताऱ्यांच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही. चौथी आज्ञा लहान मुलांपुरती नाही. आई-वडिलांना म्हातारपणी, आजारपणी आणि एकटेपणी शक्य तेवढा आधार द्यावा, याची ती मोठ्या मुलांना आठवण करून देते (धर्मशिक्षा, क्रमांक २२१८). आपल्या देशात २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीचा कायदा झाला. त्यानुसार मुलांकडून दरमहा खर्च मागता येतो. कायदा पैसे मिळवून देऊ शकतो. शेजारी बसून दोन शब्द ऐकायला तो कोणाला भाग पाडू शकत नाही.

परदेशी असलेल्या मुलामुलींनी हे वाचून केवळ अपराधी वाटून घेऊ नये. दूर राहणे म्हणजे टाकून देणे नव्हे. क्रुसावरून प्रभूने आपल्या आईला लाडक्या शिष्याच्या स्वाधीन केले (योहान १९:२६-२७). स्वतः जवळ राहणे शक्य नव्हते तेव्हा त्याने कोणाला तरी नेमले. आपणही शेजारी, भाऊबंद, समूहातील कुटुंबे यांच्याशी बोलून अशी व्यवस्था करू शकतो. आणि फोनवर ‘गोळी घेतली का, डॉक्टरकडे गेलात का’ एवढ्यावर न थांबता ‘बाबा, तुमच्या लहानपणी आपल्या गावात पाऊस कसा असायचा’ असे विचारू शकतो. पुढच्या पिढीला सांगण्याचे काम त्यांनाही पुरे करायचे आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर १९९९ रोजी वृद्धांना एक पत्र लिहिले. तेव्हा ते स्वतः एकोणऐंशी वर्षांचे होते आणि त्या पत्रात ते आपल्या मरणाविषयीही शांतपणे बोलले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून सुरू केला. पवित्र मरियेचे आई-वडील संत ज्योकिम आणि संत अॅना यांचा सण २६ जुलैला असतो म्हणून हा रविवार निवडण्यात आला. २०२४ साली या दिवसासाठी त्यांनी निवडलेला विषय स्तोत्र ७१ च्या नवव्या वचनातूनच घेतलेला होता.

९. शेवटचा सूर

स्तोत्राच्या विसाव्या वचनात कवी मोठी आशा व्यक्त करतो. पुष्कळ संकटे दाखवणारा देवच पुन्हा जीवन देईल आणि जमिनीच्या खोल गर्तेतून वर आणील, असे तो म्हणतो. कवीच्या काळी पुनरुत्थानाची शिकवण आजच्याइतकी उघड झालेली नव्हती; आपण ते वचन पास्काच्या प्रकाशात वाचतो. हिब्रू हस्तलिखितांच्या परंपरेत या वचनाबाबत एक छोटी गंमत आहे. अक्षरे लिहिली आहेत ती ‘आम्हाला’ अशी, पण वाचताना ‘मला’ असे वाचायची प्रथा आहे. दोन्ही अर्थ आपल्याला उपयोगी आहेत. वृद्ध माणूस स्वतःसाठी प्रार्थना करता करता सर्वांसाठी करू लागतो. ज्या देवाने त्याला वर आणायचे तोच देव खोलीच्या कोपऱ्यात घाबरून उभ्या असलेल्या मुलालाही वर आणणार आहे.

आई-वडील जाणार हे खरे आहे, आणि त्याचे दुःख होणार हेही खरे. ख्रिस्ती श्रद्धा ते दुःख पुसून टाकत नाही. पण जे ऐकायचे ते ऐकून झाले असेल, जे सांगायचे ते सांगून झाले असेल, तर कबरस्थानातून परतताना मन रिकामे नसते. त्यांचे शब्द आपल्याजवळ राहतात आणि ते पुढच्या पिढीला सांगण्याची पाळी आपली असते.

कुटुंबात किंवा समूहसभेत चर्चेसाठी

१. आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीने अलीकडे कोणती गोष्ट सांगण्याचा प्रयत्न केला? आपण ती पूर्ण ऐकली का?
२. आई-वडिलांना कोणत्या प्रार्थना पाठ आहेत? या आठवड्यात त्यांतली एक तरी त्यांच्याबरोबर बसून म्हणू या.
३. आपल्या समूहात एकटे राहणारे वृद्ध किती आहेत? त्यांना ख्रिस्तशरीर आणि अभ्यंग मिळावे म्हणून कोण पुढाकार घेईल?
४. घरातील वृद्धांनी विचार करावा: नातवंडांना आपण सांगितलीच पाहिजे अशी देवाच्या कृपेची कोणती आठवण आपल्याजवळ आहे?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या आई-वडिलांच्या हातांनी तू आम्हाला वाढवलेस. आता त्यांचे हात थकले आहेत. त्यांना गमावण्याच्या भीतीने आमचे कान बंद होऊ देऊ नकोस. त्यांच्याजवळ बसायला आम्हाला वेळ दे, त्यांचे ऐकायला धीर दे, आणि त्यांचा हात तुझ्या हाती द्यायची घडी येईल तेव्हा श्रद्धा दे. ज्यांचे आई-वडील तुझ्याकडे आले आहेत त्यांचे सांत्वन कर. ज्या वृद्धांना कोणी नाही त्यांच्यासाठी आम्हाला मुले बनव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे, आमेन.